पहिल्या क्रमांकाचं गाव

साहेब, आज पाणीपुरवठ्याच्या पाच वर्षांच्या आराखड्यावर मी सही केली. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "वर दाखवलं का?" नाही दाखवलं.

कॉलेज संपवून मी नुकतीच तुमच्या हाताखाली नोकरीला लागले होते. विहिरींची पातळी, टँकरचे महिने, बायकांची पायपीट, सगळं तपासून गावांचे क्रमांक मी शाईनं लिहिले. तुम्ही कागद परत ढकललात. "बाई, बाकी सगळं शाईनं लिहा, क्रमांक तेवढा पेन्सिलीनं. बैठक व्हायचीय अजून." सगळे हसले. बैठकीनंतर देवगाव रंगारीच्या पलीकडचं ते गाव पहिल्यावरून अकराव्यावर गेलं आणि एका पुढाऱ्याची सासुरवाडी पहिली आली. खोडरबर तुम्हीच फिरवलंत. दुपारी मी जेवेना, तेव्हा तुमच्या डब्यातली भाकरी पुढं करून म्हणालात, एक जागा सोडली म्हणून बाकीची दहा गावं टिकली. ते खोटं नव्हतं. त्या दहांना पाणी मिळालं. पैसे मात्र दहापर्यंतच पुरले. अकरावं गाव पुढच्या आराखड्यात ढकललं गेलं, मग त्याच्याही पुढच्या.

आता तुमच्या खुर्चीत मी बसते. गेल्या आठवड्यात एका पुढाऱ्याच्या पीएचा फोन आला. पडेगावच्या पुढची नवी वसाहत वर घ्या म्हणाला, निवडणूक तोंडावर आहे. मी म्हटलं, घेते. लेखी द्या, आणि तिच्यासाठी कुठलं गाव खाली न्यायचं तेही त्यातच लिहा.

"असं कुणी लिहून देतं व्हय? मॅडम, तुम्ही लई ताणता राव."

चार दिवस वाट पाहिली. कागद आला नाही. यादीत देवगाव रंगारीच्या पलीकडचं तेच गाव पहिलं आहे, आणि का पहिलं आहे ते समोर दोन ओळींत लिहिलं आहे. बैठकीत पुढारी क्रमांक बदलू शकतात. बदलणाऱ्याला आता स्वतःच्या नावानं कारण लिहावं लागेल. माझी बदली करतील म्हणतात. करू देत.

तुम्ही गेलात, पण शहरात छावणी भागात तुमचा मुलगा राहतो, त्याच्याकडे हे पत्र देता आलं असतं. देणार नाही. कारण इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की ते गाव दोन्ही वेळा साहेबांनीच खाली नेलं. दुसऱ्यांदा, तुम्ही निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या आराखड्यात, ते मी नेलं, साहेब. तेव्हा कुणाचा फोनही आला नव्हता. येईल, एवढंच वाटलं होतं.