अर्धा पिळा जास्तीचा

तीर्थरूप दाजींना मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही पडून, म्हणून मीही आडवा. बरोबरी झाली.) खुब्याचं दुखणं कसं आहे? टाके काढले का? डॉक्टर अजून जिन्याचं नावच काढू देत नाहीत का? तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला असं सांगणारा डॉक्टर नक्की तळमजल्यावर राहत असणार. ताईला म्हणावं, फार दगदग करू नकोस, आणि माझ्यावर रागवायचं असेल तर तेही बसूनच रागव.

इकडे आमच्या दुकानाला सील लागलंय. राज्याने हॉर्नचा नवा कायदा केला, तो तुम्ही पेपरात वाचलाच असेल. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला हॉर्न सोडून बाहेरचा बसवायचा नाही, आणि ठरल्यापेक्षा मोठा वाजला तर गाडीवाल्याबरोबर बसवणाराही गुन्हेगार. अहो, मी तीस वर्षं दुसरं केलंय काय? तरी मी गल्लीभर छाती पुढे काढून सांगत फिरलो, की हा कायदा कर्कश हॉर्नवाल्यांसाठी आहे, माझ्या हॉर्नने पाळण्यातलं पोर कूस बदलणार नाही. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. हॉर्नच्या पाठीला एक स्क्रू असतो, तो पिळला की आवाज कमीजास्त होतो. बाकीचे फिटर यंत्र लावून बघतात, मी कान लावतो. कानाला बरं वाटेपर्यंत पिळायचं आणि सोडायचं. गेली काही वर्षं प्रत्येक हॉर्नला अर्धा पिळा जास्तीचा लागायला लागला. मग एक, मग दीड. मी आपला कारखानदारांना शिव्या घालायचो, हल्लीच्या मालात दमच राहिला नाही म्हणून.

गेल्या सोमवारी आवाज मोजणारे सरकारी साहेब आले. (माणूस गरीब स्वभावाचा, खोटं कशाला बोलू.) टेपने सात मीटर मोजून त्यांनी तिथे यंत्र उभं केलं. दारात बेकरीची हिरवी व्हॅन होती, हॉर्न माझ्याच हातचा. म्हटलं, साहेब, हीच घ्या, सगळ्यात सभ्य. आणि ऐटीत बटण दाबलं. दाबूनच धरलं, त्यांना नीट मोजता यावं म्हणून. समोरचा चष्मेवाला काउंटरखाली गेला. साहेबांचा चहा साहेबांच्याच शर्टावर गेला. सगळी गल्ली हात उंचावून माझ्याकडे बघून बोलायला लागली. मला वाटलं वाहवा चालली आहे, मी मान लववली. शेवटी साहेबांनी एका कागदावर लिहून दाखवलं, तुम्हाला ऐकू येतं का? मी ठसक्यात सांगितलं, तुमचं अक्षर सुधारा.

दुसऱ्या दिवशी बायकोने धरून कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथे कपाटाएवढ्या खोलीत बसवतात, कानांवर ते मोठे हेडफोन आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी अंगठा रोखून सावध बसलो. वाटलं, अजून यंत्र चालू केलेलं दिसत नाही. मग वाटलं, वीज गेली. बऱ्याच वेळाने तिथल्या बाईंनी दार उघडून हाताने खूण केली, झालं. दाजी, मी एकदाही बटण दाबलं नव्हतं. बाहेर बायको रडत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि मला भयंकर लाज वाटली. माझ्या बहिरेपणाच्या मापाने पिळलेल्या शेकडो गाड्या रस्त्यावर ओरडत फिरताहेत, आणि लोक दचकताहेत.

तर काम असं, की तुमची सगळी नोकरी अर्ज लिहिण्यात गेली. साहेबांना एक जोरदार अर्ज लिहून द्या, मेहुणा सरळमार्गी आहे, चूक त्याची नाही, कानांची आहे, दुकान उघडू द्यावं. पडल्या पडल्या लिहिलात तरी चालेल.

घरच्या थोरामोठ्यांना नमस्कार, आणि तुमच्या वॉकरलाही.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. अर्ज लिहू नका. उद्यापासून मी साहेबांबरोबर हिंडून माझे हॉर्न उतरवणार आहे. वायरीला मारलेली माझी गाठ मला लांबूनही ओळखू येते.

ता. क. दुसरा. तुम्ही बेकरीच्या पायरीवर असताना मागून वाजली आणि तुम्ही दचकून पडलात, ती हीच हिरवी व्हॅन. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सोमवारी मुद्दाम तीच पुढे केली, म्हणजे यंत्रच सांगेल की दाजींचा तोल कच्चा, हॉर्न बिचारा सज्जन. काटा पार टोकाला गेला.

ता. क. शेवटचा. ऑपरेशननंतर भेटायला आलो होतो, तेव्हा तुम्ही माझा हात धरून काहीतरी विचारलंत. मला अक्षरही ऐकू आलं नाही. मी नेहमीसारखं हसून हो हो म्हटलं. तुम्ही हात सोडलात आणि ताई खोलीबाहेर गेली. तो हॉर्न माझ्याच हातचा का, असं विचारलंत, हे घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. न ऐकता दिलेलं ते उत्तर खरं होतं, दाजी. फक्त हसायला नको होतं. आता काय म्हणायचं असेल ते लिहून कळवा, फोन करू नका. फोनवर तुम्ही शिव्या देताय की माफ करताय ते मला कळणार नाही, आणि मी आपला दोन्हीला हो हो म्हणत बसेन.