घुरघुट कुठून आला

प्रिय भिंगरी,

तुझं पुस्तक वाचून झालं. महिना लागला, मी ओठ हलवत वाचते ना. परवा शेजारणीने मोबाइलवर तुझी मुलाखत दाखवली. त्या बाईने विचारलं, तुमच्या राक्षसाच्या नावाचा अर्थ काय, आणि तू खुशाल सांगितलंस, घुरघुट म्हणजे जुन्या भाषेत अंधाराचा धनी. कसली जुनी भाषा? घुरघुट म्हणजे आमच्या धुलाईच्या कारखान्यातला पाण्याचा पंप.

तू एवढीशी होतीस, आठवत नसेल. हॉस्पिटलच्या चादरी धुवायचो आम्ही बाया, आणि प्रत्येक यंत्राला नाव पाडलेलं. इस्त्रीचा रोलर म्हणजे थोरली जाऊ, बोट दिसलं की चावायची. बॉयलर म्हणजे मामंजी, तापले की सगळ्या गप्प. नावच नसेल तर शिव्या कुणाला घालणार? पंप मेला घुरघुर करून सारखा बंद पडायचा. मग आम्ही कंबरेवर हात ठेवून त्याच्या सात पिढ्या उद्धरायचो, कुणीतरी लाथ घालायची, की पाणी सुरू.

शाळा सुटली की तू तिथेच गाठोड्यांवर बसायचीस. एका दुपारी तुझा दमा उसळला. ओठ निळे. एकजण डॉक्टरकडे धावली, पण तुझे डोळे मला बघवेनात. मी म्हटलं, "तो घुरघुट बसलाय तुझ्या छातीवर. घाल शिव्या मेल्याला." सगळ्याजणी सुरू झाल्या. तूही पुटपुटलीस आणि तशातही तुला हसू फुटलं. श्वास औषधानेच मोकळा झाला, तेवढं मला कळतं. पण त्यानंतर तू दम्याला घाबरली नाहीस. पुस्तकातली पोरगी शेवटी राक्षसाला नावाने हाक मारते आणि तो एवढासा होतो, तिथे मी पुस्तक मिटलं आणि उगाच चहा टाकला.

आता कामाचं. माझ्या छातीत गाठ निघालीय. ओरडू नकोस. लवकर सापडली, काढली की बरी व्हाल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ती बाई गोड बोलणाऱ्यातली नाही. सोमवारी ऑपरेशन. बाकी सगळी तयारी झालीय, फक्त गाठीला नाव नाही, आणि बिननावाच्या गोष्टीची मला भीती वाटते. जुन्या मैत्रिणी पांगल्या. आता नावं पाडणारी तू. तोंडभर शिव्या घालता येतील असं एखादं शोध. पाठवू मात्र नकोस, घेऊन ये.

तुझीच,
पदर खोचून बसलेली
आई