नमुना क्रमांक तीनशे अठरा

३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६.१०

…मग नळ आला म्हणून पीठ तसंच परातीत सोडून घागरी लावल्या. नळ आठ दिवसांनी यायचा, तो आला की हातातलं सगळं तसंच राहायचं. हे ओट्यावर कुणाची तरी जळालेली मोटार उकलून बसले होते, तांब्याची तार बोटाला गुंडाळत. मी टाकी भरली, अंगण झाडलं, भाकरी थापल्या, धुणं वाळत घातलं. दोरी तुटली, ती ह्यांनी त्याच तारेनं बांधून दिली. त्या सकाळी दुसरं काही झालं नाही.

हे इथं लिहायचं कारण नव्हतं. ही वही अभ्यासाची आहे.

तर अभ्यास. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. विषय वैद्यकीय सांख्यिकी, म्हणजे आजार आणि औषधांचं गणित. वय एक्कावन्न. बी.ए.चं गणित घरी वाचून, बाहेरून परीक्षा देऊन केलं. हेही टपालानं चाललं आहे. आता फक्त प्रबंध राहिला: वाटूरच्या साठ घरांतला रक्तदाब. १५ डिसेंबरला जमा केला की डिग्री.

संकल्प: रोज दहा घरं. सहा दिवसांत साठ. उरलेला महिना आकडेमोड आणि गोधड्या धुणं.

५ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीत जाऊन 'नमुना आठ'ची झेरॉक्स घेतली. घरांची यादी, पुढं मालकाचं नाव आणि घरपट्टी. एकूण सहाशे बारा घरं. तिथंच बाकड्यावर बसून पुस्तकाच्या मागच्या रँडम आकड्यांवरून साठ काढली.

तृप्ती मॅडम माझ्या गाईड. वय माझ्या लेकीएवढं, शिस्त माझ्या सासूएवढी. त्यांनी फोनवर एकच नियम तीनदा सांगितला: निघालेलं घर बदलायचं नाही. बंद असलं तर तीन वेगळ्या दिवशी जायचं, आणि तिन्ही वेळा लिहून ठेवायचं. मी म्हणाले, बदलायचा प्रश्नच नाही, मला लबाडी जमतच नाही.

एक घर आमचंच निघालं. तीनशे अठरा. मालकाच्या रकान्यात अजून ह्यांचं नाव. शिपाई भागवत यादीत डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, दोन वर्षं झाले की. वारस लावून टाका आता, एक अर्ज हाये नुसता." अभ्यासातून वेळ मिळत नाही, असं सांगितलं. खरंच मिळत नाही.

७ नोव्हेंबर

संकल्प दहा. झाली दोन.

कचरूच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, तुम्ही माझ्या नमुन्यात निघालात. पुस्तकात सँपलला नमुनाच म्हणतात, यात माझा काय दोष. आत त्याची बायको हसली. कचरू म्हणाला, "सारं गाव मला नमुना म्हणतंय, ते मी ऐकून घेतो. पर वहिनी, तुम्ही यादी घेऊन घरी आल्या मंग सांगायला?"

समजूत घालायला वीस मिनिटं गेली. त्याचं प्रेशर एकशे अठ्ठेचाळीस आलं. ते मी वाढवलं, असं त्याच्या बायकोचं मत.

तिथून पुढं वेगळीच गडबड. 'नमुना' ऐकलं, हातात नमुना आठची यादी पाहिली, आणि लोकांनी धरलं की घरपट्टी वाढणार. मी पोचायच्या आत बातमी फाट्यावर. तीन घरांनी पत्र्याची शेड आपली नाहीच म्हणून सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

उद्यापासून 'सँपल' म्हणायचं. सोपं आहे.

८ नोव्हेंबर

'सँपल' म्हटलं. एका घरी म्हातारीनं बाही वर करून डोळे घट्ट मिटले. बाकीच्या बायका रक्त काढणार म्हणून मागच्या दारानं गेल्या.

घरं: एक. म्हातारी.

१२ नोव्हेंबर

आता 'प्रेशर मोजायला आले' एवढंच म्हणते. पण शास्त्र कडक आहे. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. हे ज्यांनी लिहिलं ते वाटूरला आलेले नाहीत.

चहा नको म्हटलं की माणसं विचारतात, आमच्या घरचा चालत नाही का. चहा घेतला की तीही घेतात, मग अर्धा तास थांबा. आज चार घरांत सहा चहा झाले.

गप्प बसायचं तर नावच नको. शेजारच्या वच्छलाबाईला पट्टा बांधून घड्याळ लावलं. पाच मिनिटांत तिनं सुनेचं माहेर, गुडघे, म्हशीचं दूध आणि मी या वयात शिकून कुणाला दाखवणार आहे, एवढं सगळं घेतलं. शेवटचं मी नोंदीत धरलं नाही. प्रेशर १२२/७८. अशी माणसं कशी नॉर्मल निघतात, हा खरा संशोधनाचा विषय आहे.

एकूण घरं अकरा. वेग वाढतो आहे.

१६ नोव्हेंबर

कापूस वेचणी जोरात. दिवसभर गावाला कुलूप. दहा घरी गेले, आठ बंद. रकान्यात 'घर बंद' लिहून लिहून पेन संपलं.

तीनशे अठराचा विचार केला. संशोधकानं स्वतःच्या घरचं माप घेऊ नये, असं कुठंतरी वाचलं आहे. कुठं ते सापडत नाही, पण तर्काला धरून आहे. फॉर्ममध्ये अकरावा प्रश्न घरातल्या इतरांच्या आजाराचा आहे. त्याची उत्तरं मीच विचारून मीच द्यायची, हे शास्त्रात बसत नाही.

सकाळी दहाला आमचं घर बंद होतं, कारण मी बाहेर फिरत होते. म्हणून लिहिलं: पहिली भेट, सकाळी १०, घर बंद. यात खोटं काही नाही.

२० नोव्हेंबर

नवा संकल्प: पहाटे पाचला, माणसं शेतात जायच्या आत. गेले. दोन घरी कुत्री. एका घरी माणूस दात घासत होता, त्यानं तोंडात ब्रश धरूनच हात पुढं केला. कचरूची बायको रस्त्यात भेटली, म्हणाली की ह्यांना तुम्ही आल्यापासून झोप न्हाई. तिला आकडेवारी समजत नाही.

तीनशे अठरा, दुसरी भेट, दुपारी ४. घर बंद. कडी मीच घालून निघाले होते, पण बंद ते बंद.

पुस्तकाचं सहावं प्रकरण आज होणार होतं. चष्मा सापडला नाही.

२५ नोव्हेंबर

मॅडमचा फोन. किती घरं झाली विचारलं. सदतीस. मग त्यांनी विचारलं की हाच विषय का घेतला, प्रस्तावनेत लिहावं लागेल. आवड म्हणून, असं सांगितलं. त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. प्रभाव पडला असावा.

प्रस्तावना लिहायला बसले. 'प्रस्तुत संशोधिकेस' एवढं झालं. मग तूर निवडली.

२९ नोव्हेंबर

तीनशे अठरा, तिसरी भेट. सायंकाळी ६. आज नियमानं केलं. घरात होते ती उठले, बाहेर आले, कुलूप लावलं, दारासमोर उभं राहून लिहिलं: घर बंद. मग कुलूप काढून आत गेले आणि भात लावला.

तीन भेटी पूर्ण. शास्त्राप्रमाणे ते घर आता सुटलं.

बरं वाटायला पाहिजे होतं.

४ डिसेंबर

छप्पन घरं. चार सुटली, तिन्ही भेटी नोंदवून. इथं मी स्वतःचं कौतुक करणार होते, पण मॅडमचा मेसेज आला. रविवारी येतात. तीन घरं चिठ्ठ्या टाकून काढणार आणि स्वतः तपासणार. नियमच आहे, माझ्यावर अविश्वास नाही, असंही लिहिलं आहे.

शक्यता काढली. साठातून तीन. आपलं घर निघायची शक्यता शंभरात पाच. पंचाण्णव वेळा निघणार नाही. गणित येत असलं की माणसाला चिंता राहत नाही.

दुपारपासून डोकं ठणकतं आहे. चहा कमी पडला असेल.

७ डिसेंबर, रविवार

मॅडम अकराच्या एस.टी.नं आल्या. बारीक चणीच्या, पाठीला सॅक. ओट्यावर नको, थेट कामाला लागू म्हणाल्या, म्हणून फाट्यावरूनच निघालो. चिठ्ठ्या चहाच्या टपरीवर टाकल्या. बारा नंबर, दोनशे पाच नंबर, आणि तीनशे अठरा.

पहिली दोन घरं बराबर निघाली. मग मी त्यांना लांबच्या गल्लीतून फिरवून आणलं. कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. घर जागेवरच असणार होतं.

दाराला कुलूप होतं. मॅडम फॉर्म पाहून म्हणाल्या, चौथ्यांदाही बंदच. मी हो म्हणाले. तेवढ्यात भिंतीवरून वच्छलाबाईचं डोकं वर आलं.

"सत्यशीला, किल्ली हरपली काय गं? सकाळी तर तूच लावून गेल्ती."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बोलता आलं असतं. आत येऊन सतरंजीवर बसल्या, मशीन काढलं, आणि म्हणाल्या, घरात सापडलेलं पहिलं मोठं माणूस, तोच नियम आहे ना? पट्टा माझ्या दंडाला बांधला.

"पाच मिनिटं गप्प बसा, ताई."

बसले. पाच मिनिटं केवढी असतात हे महिनाभर दुसऱ्यांना सांगत होते. पंखा फिरत होता. भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, त्याच्याकडं पाहिलं नाही, मापात फरक पडतो.

१७६/१०२. दुसऱ्यांदा १७२/१००.

मग त्यांनी सगळे प्रश्न ओळीनं विचारले, जसे मी विचारत होते तसेच. अकरावा: घरात कुणाला प्रेशरचा त्रास होता का. मी म्हणाले, ह्यांना. त्यातच गेले.

"किती असायचं?"

"माहीत न्हाई."

"शेवटचं कधी मोजलं होतं?"

"मोजलंच न्हाई कधी. डोकं दुखतं म्हणायचे, मी बाम लावून द्यायची. चार वर्षं. जालन्याला नेलं तर डॉक्टरनं बी हेच विचारलं, किती असायचं. मला आकडा सांगता आला न्हाई."

मॅडमनी ते लिहून घेतलं. नंतर तीन 'घर बंद'वर बोट ठेवून सांगितलं की या नोंदी खोट्या आहेत, आणि त्यांच्यावर गाईड म्हणून सही करता येणार नाही. इतर छप्पन घरं पुन्हा तपासावी लागतील, पंधरा तारीख जाणार, जूनमध्ये जमा करा. छप्पन खरी आहेत, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, असतील ताई, पण आता मला मोजून बघावं लागेल.

जाताना चहा घेतला त्यांनी. मलाही घ्यायला लावला, बिनमिठाची भाजी आजपासून आणि उद्या दवाखाना, असं बजावलं. साडेचारच्या गाडीनं गेल्या.

सहा महिने वाया. माझ्यामुळं. हे वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

८ डिसेंबर

सकाळी सरकारी दवाखान्यात गेले, केसपेपर काढला, रांगेत बसले. गोळी सुरू झाली, रोज एक. घरी येऊन फॉर्मवर तीनशे अठराच्या पुढं माझं नाव आणि काल आलेले दोन आकडे लिहिले. मग मशीन पिशवीत घातलं आणि कापूस वेचून लोक परत आल्यावर सुटलेल्या तीन घरांपैकी पहिल्या घरी गेले.