चपलांच्या खिडकीवर ठेवलेलं पत्र

बँकॉक, शनिवार दुपार

प्रिय वीरू,

अक्षर ओळखलंस ना? तुझी गुड्डीताई बँकॉकला आली आहे, आणि तेही एकटी. जिने नागपूरही धड पाहिलेलं नाही, ती चार दिवस एवढ्या मोठ्या शहरात भावाला शोधत फिरते आहे. पाय सुजून चपलेत मावत नाहीत. थकले रे, पार थकले.

पहिल्याच दिवशी नदीतल्या बोटीत बसले, ती उलट्या दिशेला निघाली. शेवटच्या धक्क्यावर सगळे उतरले, मी बसूनच राहिले. तिकीटवाल्या बाईने हाताला धरून परतीच्या बोटीत बसवलं, साकोलीच्या स्टँडवर म्हाताऱ्यांना बसवतात तसं. आधी हसू आलं, मग रडू. दुसऱ्या दिवशी पाहुरतच्या कापडबाजारात तू कामाला होतास ते शिंप्याचं दुकान सापडलं. मालक म्हणाला, सोडून दोन वर्षं झाली. फोन नंबर तर तू त्याच्याही आधी बदललास. काहून, ते मी विचारणार नाही. मला ठाऊक आहे.

काल इथल्या गुरुद्वाऱ्यात तुझा फोटो दाखवला. चपला सांभाळणारे सरदारजी लगेच म्हणाले, हा दर रविवारी जेवायला येतो. आणि माझं विमान आज संध्याकाळी. तिकीट बदलून मिळेना, आणि बाबांना शेजारच्या सुंदरकाकूच्या भरवशावर किती दिवस ठेवू? म्हणून हे पत्र सरदारजींच्या खिडकीवर ठेवून जाते.

बाबांचे कान आता पुरते गेले. यंदा धान बरं झालं, पण त्यांनी नवं खाल्लं नाही. हे तिसरं वर्ष. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, सगळी माणसं ताटावर बसल्याशिवाय नव्या तांदळाचा भात शिजत नाही. पायलीभर तांदूळ देवापुढे तसाच राहतो, आम्ही दोघं जुना खातो. सुंदरकाकू ओरडते, "देवाजीभाऊ, तांदूळ उंदरं खाऊन राहिले, तुमी कायले थांबता?" तेवढं बाबांना बरोबर ऐकू येतं, पण दाखवत नाहीत. निघताना मी त्यांच्या कानात ओरडले, "वीरूले आनाले जातो." म्हणाले, "तिसरं ताट घासून ठेवतो."

आता जे सांगायला आले ते. आईच्या तेरवीला तू पोहोचला नाहीस. महिन्याने फोन केलास, "ताई, नवं खाले येऊ का? बाबाले इचार." बाबांना फोनवर ऐकू येत नाही, तुमचं सगळं बोलणं माझ्याच तोंडून व्हायचं. मी तुला सांगितलं, बाबा म्हणतात या घरात पाय ठेवू नको. वीरू, बाबा असं म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. दोन वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं मी एकटीने काढलं होतं, आणि मला तुझा फार राग आला होता. बाबा अजून रोज विचारतात, "वीरू कवा येते?" मी म्हणते, सुट्टी नाही त्याले. सोबतच्या पुडीत मूठभर नवा तांदूळ आहे, तो शिजवू नको, घरी घेऊन ये. आधी फोन कर. मी बाबांना जवळ बसवीन. ते जे बोलतील ते या वेळी तुला जसंच्या तसं सांगीन.

तुझीच,
गुड्डीताई