झाकण जागेवरच होते

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा जुन्या गाड्यांची दुरुस्ती, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. स्वस्थ असल्याचे त्यांनी लिहिले नाही आणि मीही आग्रह धरला नाही. येत्या शुक्रवारी ते माझी छाती उघडणार आहेत. मी जन्मभर इंजिने उघडली. उघडलेले सगळेच पुन्हा सुरू होत नाही, हे मला कोणी समजावण्याची गरज नाही.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, एका बैठकीत लिहा. ते जमलेले नाही. सकाळपासून चारदा उठलो. शटरला तेल घातले, ते कुरकुरत नव्हते तरी. पाचवे कलम लिहायचे आहे आणि हात तिकडे जात नाही, हे खरे कारण.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या आणि गच्ची, माझ्या पत्नीचे. तिला तसे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "घर माझंच आहे. तुम्ही नुसते झोपायला येता. आधी गोळी घ्या." गोळी घेतली. सबब या कलमास तिची हरकत नाही असे समजावे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक निम्मी पत्नीस, निम्मी मुलीस. मुलीने त्यातून माझ्या नावाने काही करू नये, तिच्या मनाला येईल ते करावे. जावईबापूंनी सल्ला जरूर द्यावा, पण एकदाच.

कलम तीन. हत्यारे. मोठा जॅक शेजारच्या वेल्डरकडे आहे. चार वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो" म्हणून नेला. तो आता त्याचाच. पाने, सॉकेटचा डबा आणि पकडही त्यानेच न्यावी, म्हणजे जॅकला करमेल. माझा त्याच्यावर राग नाही. होता, पण तो जॅकचा नव्हता.

कलम चार. गॅरेजची जागा भाड्याची आहे, ती मालकाला परत द्यावी. भिंतीवरची देवाची तसबीर पत्नीने घरी न्यावी. रोज शटर उघडले की मी तसबिरीपुढे हात जोडतो. सहा वर्षे झाली, मान वर करून हात जोडलेले नाहीत. कोणी ती नम्रता समजू नये.

कलम पाच. आमची पिकअप वडिलांनी घेतलेली. मी आणि धाकटा भाऊ तिच्या पोटाखाली सरपटतच मोठे झालो. वडिलांमागे गॅरेज दोघांनी चालवले. भाऊ दोन वर्षे तंत्रशाळेत जाऊन आला होता, गाड्यांची पुस्तके वाचायचा, म्हणून मी त्याला गिऱ्हाइकांसमोर "पुस्तक्या" म्हणायचो. त्यात कौतुक चिमूटभर आणि पोटदुखी पसाभर.

सहा वर्षांपूर्वी पिकअपचा पितळी रेडिएटर गळती बुजवायला डाग देऊन देऊन चाळणीसारखा झाला. तसा दुसरा मिळेना. मी नव्या मॉडेलच्या गाडीचा आणला, मधे ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या. जुना चौकटीला बोल्टने आवळलेला असे. नव्याला बोल्टची भोकेच नव्हती. त्याला खाली दोन खुंट्या होत्या, त्या रबराच्या वाट्यांत बसवायच्या आणि वरूनही रबरानेच धरायचे. मी वेल्डरकडून लोखंडी पट्ट्या करून घेतल्या आणि त्यांनी तो चौकटीला जखडू लागलो.

भाऊ म्हणाला, "दादा, हा रबरावर बसतो. खड्ड्यात गाडीची चासी पिळवटते. पितळ सोसायचं, प्लॅस्टिक नाही सोसणार."

"बाबांनी तीस वर्षं बोल्टवर चालवली. तुझ्या पुस्तकानं किती चालवली?"

"पुस्तक कशाला चालवेल? तू आवळू नकोस, एवढंच म्हणतोय."

वेल्डर फिदीफिदी हसला. तो बघतो आहे म्हणून मी पाना आणखी अर्धा फेरा फिरवला. त्या अर्ध्या फेऱ्याला गाडीची काही गरज नव्हती.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, एका चढावर तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. भाऊ चालवत होता, मी शेजारी. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, बॉनेट उचलले आणि वाकून नुसता पाहत होता. तेवढ्यात पट्टीपाशीच टाकी उभी फाटली आणि उकळते पाणी त्याच्या उजव्या हातावर आले. रेडिएटरचे झाकण जागेवरच होते. त्याने त्याला बोटही लावले नव्हते.

एका ट्रकवाल्याने त्याला दवाखान्यात नेले. मी गाडीपाशी मागे थांबलो. सगळे निवल्यावर मी ते झाकण फिरवून काढले आणि खालच्या झुडपात भिरकावले. मग सगळ्यांना सांगितले, त्याने गरम झाकण उघडले. आमच्या धंद्यात ही चूक शिकाऊसुद्धा करत नाही. मेकॅनिकच्या नावाला यापेक्षा मोठा डाग नाही.

"मी झाकणाला हात लावला नव्हता," भाऊ खाटेवरून म्हणाला, सगळे नातेवाईक उभे असताना.

"एवढ्या वेदनेत आठवत नाही रे माणसाला," मी म्हणालो, आणि त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला.

त्याची दोन बोटे वळत नाहीत. पाना धरता येत नाही. तो स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो आणि आम्ही कामापुरते बोलतो. आई जाईपर्यंत त्याला विचारत राहिली, "एवढा शिकलेला तू, गरम झाकण कसं रे उघडलंस?" मी समोर बसून जेवत असायचो. अपघाताच्याच महिन्यात मी पट्ट्या कापून टाकल्या होत्या आणि दुसरा रेडिएटर आणून तो रबरावर बसवला होता. बॉनेट कोणाला उघडू दिले नाही. आजपर्यंत थेंब गळलेला नाही.

वरील प्रत्येक शब्द खरा आहे. हे कलम माझ्या सर्व नातेवाइकांना आणि धंद्यातल्या सर्वांना वाचून दाखवावे. वेल्डरला आधी.

कलम सहा. ~~सदर पिकअप माझ्या धाकट्या भावास द्यावी.~~

खाडाखोडीचा खुलासा. हे सारे माझ्या मागे वकीलबाईंनी वाचावे असा माझा बेत होता. पण मेल्यावर खरे बोलणे म्हणजे दुकान बंद करून गिऱ्हाइकाला हाक मारणे. मन थाऱ्यावर राहीना. समोरचे शिंपी साक्षीला आलेच होते, त्यांना बसवून मी भावाला फोन केला. तो आला. मी पाचवे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवले. मधे शिंप्यांनी दोनदा पाणी दिले.

भाऊ उभाच होता. म्हणाला, "आईला सांगायचं होतंस."

आईला द्यायला या कागदात काही नाही.

सहावे कलम वाचले तसा तो म्हणाला, "गाडी नको मला."

"अरे, बाबांची गाडी आहे."

"असू दे. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही करायची नाही, असंच आहे ना?"

"वकीलबाई तसंच म्हणाल्या," शिंपी म्हणाले.

"मग मला काही देऊ नकोस, दादा. मला सही करायची आहे."

सबब कलम सहा रद्द. पिकअप माझ्या पत्नीस द्यावी. खाडाखोड माझ्या हातची आहे, शेजारी सही केली आहे.

स्थळ: गॅरेज, मागची खोली
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार, दुपार

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार एक: समोरचे शिंपी. सही आमच्यादेखत झाली.

साक्षीदार दोन: धाकटा भाऊ. सही डाव्या हाताची आहे. कलम पाच माझ्यासमोर वाचले, ते खरे आहे. माफ केले असे मी कुठेही लिहिलेले नाही. ते हवे असेल तर दादाने शुक्रवारनंतर आपल्या पायांनी माझ्या दुकानात यावे.