मागच्या रांगेचे खांब

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुला काही लिहिलं नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. आज लिहिते आहे ते एका अर्जामुळे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथं कचेरी बांधत होते. पाऊस नव्हता, मुखेडला हाताला काम नव्हतं, म्हणून तू आम्हा दोघी बहिणींना घेऊन त्या बांधकामावर गेलीस. त्याच कचेरीच्या मजबुतीचं काम गेल्या वर्षी आमच्या नांदेडच्या ऑफिसकडे आलं. मागच्या व्हरांड्याचे खांब आतून भुसभुशीत झाले होते, गज गंजले होते. कचेरी एक दिवसही बंद न ठेवता आम्ही त्या खांबांना बाहेरून नवे गज आणि नवं काँक्रीट चढवलं. काम चांगलं झालं. इमारतींच्या अशा कामांसाठी इंजिनिअरांना एक पुरस्कार देतात, त्याचा अर्ज मी आणि माझा भागीदार आठवडाभर तयार करत होतो. नकाशे लावले, चाचण्यांचे आकडे लावले, आधीचे आणि नंतरचे फोटो लावले. एकच रकाना राहिला होता, दोषाचं मूळ.

पुढची रांग ठणठणीत आणि मागची कच्ची, असं का, हे त्यात लिहायचं होतं. सिमेंट तेच, गज तेच, मिस्त्री तोच. भागीदार म्हणाला, "एकाच मायची लेकरं, एक पैलवान अन् एक मरतुकडं. मॅडम, अर्ज तगडा हाय आपला, पर इथं येऊन लंगडतोय. परीक्षकांना नुसते आकडे नको असतेत, काय घडलं ते पाहिजे असतंय."

काय घडलं ते मला माहीत आहे. नव्या खांबांना गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं काम, आम्ही ज्याला क्युरिंग म्हणतो ते, तुझ्याकडे होतं. मिस्त्रीचाचा तुला सांगायचे, "बाई, काँक्रीटला दोन हप्ते पाणी पाजव, मग हत्ती बांध त्याला." बांधकामासाठी टँकर यायचा, वस्तीवर मात्र चार-चार दिवस पाणी यायचं नाही. तपासणीचे साहेब समोरूनच येऊन समोरूनच जायचे. तू पुढच्या रांगेला पोटभर पाणी द्यायचीस. मागच्या रांगेचं गोणपाट सकाळी वरवर पाणी शिंपडून ओलं, काळं दिसेल एवढंच करायचीस, आणि तिच्या वाट्याच्या दोन घागरी घरी आणायचीस. मी अजून तुला बघते आहे. तू पत्र्याच्या खोलीत चुलीपाशी बसली आहेस, घागरीत तुरटी फिरवते आहेस, गाळ खाली बसायची वाट बघते आहेस. माझ्या हातून तांब्या कलंडतो. तू मारत नाहीस. ओल्या जमिनीकडे बघत म्हणतेस, "खांबाच्या तोंडचं काढून आनलंय म्या. सांडू नको."

तुला कळत होतं, म्हणजे. मी इंजिनिअर झाल्यावर हे तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. भूकंपात कचेरी पडली नाही याचं तुला फार कौतुक होतं. एसटी तिच्यासमोरून गेली की शेजारच्या बाईला सांगायचीस, "ही म्या बांधली, हाव." मी खिडकीतून दुसरीकडे बघायचे.

परवा भागीदारानं रकाना भरून आणला. 'त्या दुष्काळात मिस्त्रीने किंवा त्याच्या माणसांनी क्युरिंगचे पाणी बाहेर विकले असावे.' मी ते वाक्य खोडलं.

"का हो? लोकं विकतच होती की पाणी तवा."

"मिस्त्रीनं विकलं याला पुरावा नाही."

"मग दुसरं काय झालं त्याला तरी हाय का पुरावा?"

मी नाही म्हणाले. त्या रकान्यात लिहिलं, 'क्युरिंग अपुरे झाले. कारणाची नोंद उपलब्ध नाही.' तो जरा नाराज झाला. म्हणाला, "तुमच्या मनासारखं. पर जिंकायचा अर्ज असा नसतो." काल अर्ज गेला. मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. जेवले, भांडी घासली.

तुझ्यावर ठपका नको म्हणून मी गप्प बसले, असं इथं लिहिणार होते. ते खरं नाही. दुष्काळात लेकरांना पाणी पाजलं म्हणून तुला कुणी नाव ठेवलं नसतं. उलट भागीदारानं ते अर्जाच्या पहिल्याच पानावर घेतलं असतं. पण मग तू तिथं काय करत होतीस, हे त्याला सांगावं लागलं असतं. आम्ही एकत्र काम सुरू केलं त्या वर्षी त्यानं विचारलं होतं, आई काय करायची. तू शेवटची काही वर्षं शाळेत झाडलोट करायचीस, म्हणून मी म्हणाले, शाळेत होती. तो म्हणाला, "तरीच. मास्तरणीची लेक हाव तुम्ही." मी हसले. पंधरा वर्षं झाली, माय, अजून तसंच आहे.