व्याह्यासाठी सात केटलबेल

२ जानेवारी, बुधवार. सकाळी ११.
डावा डोळा बंद. उजव्यावर भागवतोय.

घडलं ते तंतोतंत नोंदवून ठेवतो. उद्या लोक वाट्टेल ते बोलतील.

काल नव्या वर्षाचं जेवण आमच्याकडे. आमची मुलगी उस्तिन्या, तिचा ठरलेला नवरा तिमोफेय आणि तिमोफेयचे वडील लुका देम्यानिच. बाजारात मांसाचं दुकान, मनगट माझ्या पोटरीएवढं. लग्न एप्रिलमध्ये, म्हणजे हा माझा होणारा व्याही. तिसऱ्या पेल्याला म्हणतो कसा, वेनियामिन साव्विच, तुमची ती पेन्सिल हाताला जड नाही ना होत? मी पंचवीस वर्षं कॉलेजात मशीन ड्रॉइंग शिकवतोय. मी म्हणालो, ताकद मांसात असती तर तुमच्या दुकानात टांगलेला बैल पहिलवान झाला असता.

तो हसला. हसता हसता हात उचलला. पाठीवर थाप मारायला, असं रिम्माचं (बायको) म्हणणं. मला हात येताना दिसला, मी कानाखाली हाणली. म्हणजे सुरुवात त्याचीच.

मग त्याने एक ठोसा मारला. एकच. मी पडलो नाही. बसलो. त्या जागी खुर्ची नव्हती, इतकंच. रिम्माने दोन दिवस खपून थिजवलेलं, रश्शातल्या मांसाचं अख्खं ताट माझ्या डोक्यावर आलं, पण ते मी टेबलक्लॉथ धरल्यामुळे.

तिथूनच जाहीर केलं, मास्लेनित्साच्या, म्हणजे हिवाळ्याला निरोप द्यायच्या आठवड्याच्या, शेवटच्या रविवारी, १० मार्चला, नदीकाठी जत्रेत मुष्टियुद्धाला माणसांच्या दोन रांगा, दोन भिंती, समोरासमोर उभ्या राहतात. तुम्ही बाजारवाल्यांच्या भिंतीत, मी नदीकाठच्या. तिथे बघून घेतो. उस्तिन्या रडत बाहेर गेली. भारावली असावी.

निश्चय: दहा आठवडे व्यायाम. घरीच. साधन: केटलबेल (वर कडी असलेला लोखंडी गोळा). नग: एक.

४ जानेवारी, शुक्रवार.
गॅरेजपाशी शेजारच्या गॅरेजवाले येफिम साव्वेलिच भेटले. वय अठ्ठ्याहत्तर, मान अजून खांबासारखी. विचारलं, घरी व्यायाम करणाऱ्याला केटलबेल किती लागतात? म्हणाले, एक. मी म्हणालो, आणि दुसऱ्या हाताला? म्हणाले, दुसऱ्या हाताने दार उघड आणि फिरून ये.

जुन्या काळची माणसं. विज्ञान वाचलेलं नाही.

त्यांच्याकडचाच सोळा किलोचा घेऊन आलो. तीन मजले. वाटेत चार वेळा थांबलो, पायऱ्यांची पाहणी केली.

रोज शंभर झोके. उद्यापासून.

९ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.४०.
अकरा झोके. बाराव्याला कमरेत कुणीतरी खिळा ठोकला. हरकत नाही. पोचे पडल्याशिवाय पत्र्याला आकार येत नाही, हे मी स्वतः वर्गात सांगतो.

दुपारी कामाची गोष्ट केली. लुकाच्या जबड्याचं ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने, वरून. ठोशाचा मार्ग लाल शाईने. कोन सदतीस अंश. जबडा दोन ठिकाणी तुटेल. तुटक्या रेषा बारीक पेनाने काढल्या. फार समाधान वाटलं.

१५ जानेवारी, मंगळवार.
चूक सापडली. सोळा किलो हलका आहे. हलक्या वजनाने मनगट फसतं. चोवीसचा आणला. एकूण: दोन. यापुढे गरज नाही.

संध्याकाळी ६. चोवीसचा झोका बरोबर गेला. हातातूनही गेला. ओव्हनचं दार, त्यामागचं भांडं आणि भांड्यातली कोंबडी, तिन्ही फुटली. जोर बघा! हेच लुकाच्या तोंडावर बसलं असतं तर! रिम्मा म्हणाली, वेन्या, ही कोंबडी होती, तुझा व्याही नव्हता. मग लाटणं फेकून मारलं. चुकवलं. चपळाई वाढतेय. दुसरं फेकलं ते लागलं.

निष्कर्ष: एकाच हाताला वजन असल्यामुळे तोल गेला. चोवीसची जोडी हवी. एकूण: तीन.

२० जानेवारी, रविवार.
खालच्या मजल्यावरच्या कापितोलिना गेओर्गिएव्ना वर आल्या. डोक्यावर चुना, हातात मटण ठोकायचा लाकडी हातोडा. त्यांच्या छताचा तुकडा सूपच्या भांड्यात पडला म्हणे. मी शांतपणे सांगितलं, बांधकाम सोव्हिएत काळचं आहे, वजन सहन करायला हवं होतं. म्हणाल्या, मीही त्याच काळची आहे, मी सहन करत नाही. आणि दोन्ही खांद्यांवर एकेक दिला.

बाईमाणूस म्हणून मी हात उचलला नाही. (कालपासून दोन्ही हात छातीच्या वर जात नाहीत, पण उचलला नसताच.)

३ फेब्रुवारी, रविवार.
बत्तीसचे दोन आले. एकूण: पाच. आणणाऱ्या माणसाने दोन्ही एकाच हातात आणले. अशांना टेक्निक नसतं. पुढे गुडघ्यांना भोवतं.

बत्तीसचा अजून उचललेला नाही. सध्या ओळख करून घेतोय. सकाळी येता-जाता पायाने ढकलतो. आज करंगळीचं नख गेलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.
प्रत्यक्ष सराव पाहिजे म्हणून ट्रॉलीबसमध्ये एकाला ढोपर मारलं. तो आधी सॉरी म्हणाला. भित्रा. मग परत मारलं. मग तो उठला. बराच वेळ उठतच होता.

पुढच्या थांब्यावर दोघं उतरलो. म्हणजे तो उतरला, मला उतरवलं. बर्फात माझं तोंड घासून म्हणाला, काका, घरी कुणी नाही का तुम्हाला? एक दात गेला. मागचा, फारसा वापरात नव्हता.

चूक सापडली: वेग. जड वजनाने वेग मरतो. आठ आणि बाराचे आणले. एकूण: सात. आता संच पूर्ण. विज्ञानाच्या दृष्टीने सातच लागतात.

१६ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.
तिमोफेय समेट करायला आला. चांगला मुलगा, बापावर गेलेला नाही. वेनियामिन साव्विच, बाबा रोज तुमचं नाव काढतात, म्हणाला. एकदा भेटा, चहा घ्या. लग्नात दोघं शेजारी बसलात की उस्तिन्याला बरं वाटेल.

घाबरलाय लुका. स्पष्ट आहे.

म्हटलं, थांब, तुझ्या बापाला जाऊन काय सांगायचं ते दाखवतो. बत्तीसचा उचलला. पहिल्यांदाच! गुडघ्यापर्यंत स्वच्छ आला. मांडीपर्यंतही आला. तिथून पुढे त्याला जायचं होतं आणि मला नव्हतं.

तिमोफेयची तीन बोटं मोडली. उजव्या पायाची. पोरगा ओरडला नाही, पांढरा पडून नुसता माझ्याकडे बघत राहिला. मोज्यातून रक्त येत होतं. रिम्माने त्याला पाठीवर घेऊन तीन मजले उतरवला.

मी ताबडतोब वजन जागेवर ठेवायला गेलो. उचललं गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार.
आज पुरुषांचा दिवस. भेट म्हणून उस्तिन्या आली असेल असं वाटलं. बूट न काढता आत आली. दिसेल ते भिंतीवर आपटलं. माझा फोटो, माझा ड्रॉइंगबोर्ड, लुकाच्या जबड्याचे तिन्ही कागद. ते कागद एकेक चुरगाळून माझ्या तोंडात कोंबायला लागली. म्हणाली, बाबा, तुम्हाला माझं लग्न हवंय की मारामारी, एकदाच सांगा. मी म्हणालो, आधी १० मार्च होऊ दे.

तिने सोळाचा उचलला. एका हाताने, अजिबात वॉर्मअप न करता. बाल्कनीतून खाली टाकला. आमच्याच लाडा मोटारीवर. टपातून आत, सीटमधून खाली.

म्हणाली, मला बाप नाही. जिना दणाणत गेली.

रागात बोलतात मुली. नोंद: एकूण सातच. एक मोटारीत आहे, मोजणीत फरक पडत नाही.

मोटारीचं टप रात्रभर उघडं राहील.

६ मार्च, बुधवार.
मास्लेनित्सा. आज सासूने जावयाला ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडी, करून घालायचा दिवस. रिम्मा निळा झगा घालून, लिपस्टिक लावून, घमेलंभर ब्लिनी घेऊन बाहेर पडली. कुठे? बहिणीकडे. बहीण वोलोग्दात राहते. इतक्या लांब गरम कशी राहणार, विचारलं. म्हणाली, राहतील.

माझ्यासाठी तीन ठेवल्या होत्या. प्रथिनं कमी, पण खाल्ल्या.

हल्ली घरात शांतता असते. माझी वाढती ताकद रिम्माला जाणवत असावी.

१० मार्च, रविवार. सकाळी ८.
तो दिवस. वजन एकसष्ट किलो (हातमोज्यांसकट). आज सगळं गाव एकमेकांची क्षमा मागतं. मागणाऱ्याने वाकायचं, दुसऱ्याने म्हणायचं, देव करील, मीही केली. मी दुपारनंतर बघेन. आधी जबडा.

रिम्मा म्हणाली, वेन्या, जाऊ नकोस. तुला एक सांगायचंय. मी म्हणालो, आल्यावर. लक्ष विचलित होतं.

११ मार्च, सोमवार. सरकारी हॉस्पिटल.
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल.

दोन्ही भिंती समोरासमोर उभ्या होत्या. तीस आम्ही, तीस ते. पंचाची शिट्टी व्हायची होती. तेवढ्यात लुका त्यांच्या भिंतीतून निघून मोकळ्या बर्फातून सरळ माझ्याकडे आला. हातमोजे काढलेले. टोपी काढली. टक्कल लालभडक. कमरेत वाकला, जमिनीपर्यंत. व्याहीबुवा, म्हणाला, मला क्षमा करा. झालं असं की...

मला वाटलं, डाव आहे. खाली वाकून पोटात घुसणार. मी मारला. दहा आठवडे, सात केटलबेल, सगळं त्या एका ठोशात.

जबडा खाली होता, सदतीस अंशात येत नव्हता. टाळूवर बसला. माझ्या हाताची दोन हाडं मोडली, आवाज आला. लुका बर्फात बसला. कपाळावरून रक्त. एवढं नोंदवतो की तो बसला आणि मी उभा होतो.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, अरे, वाकलेल्याला मारला. क्षमा मागत होता तो.

मग मला मारायला लागले. बाजारवाले नाहीत. ते जागेवरून हललेही नाहीत. आमच्या भिंतीने मारलं. पहिली लाथ कुणाची, कळलं नाही. दुसरी आमच्या पोस्टमनची. कापितोलिनाबाई प्रेक्षकांत होत्या, त्याही आत आल्या. तोंडात बर्फ, दात आणि कुणाचा तरी अंगठा. तो मी चावला, त्यामुळे अजून मारलं. तीन बरगड्या. नाक.

कुणीतरी मला त्यांच्यातून ओढून काढलं. मेलेल्या बकऱ्यासारखं खांद्यावर टाकलं आणि गर्दीतून धावत सुटलं. मला फक्त बर्फ दिसत होता आणि त्याच्यावर पडत जाणारं रक्त. माझं असावं असं वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, बरंचसं लुका देम्यानिचचं. त्यांच्या डोक्याला पाच टाके घातले, ते तुमचा एक्स-रे होईपर्यंत बाकावरून उठायला तयार नव्हते.

१२ मार्च, मंगळवार.
रिम्मा आली. नारंगी सोलून दिली. मग सांगितलं.

लग्न झालं. सहा तारखेला, बुधवारी, नोंदणी कचेरीत. तिमोफेय कुबड्यांवर. तो, उस्तिन्या, लुका आणि रिम्मा. घमेलंभर ब्लिनी तिथे गेल्या. उस्तिन्या म्हणाली होती, बाबांना कळवलंत तर मी सही करणार नाही. लुका एकटाच कुरकुरत होता, बापाशिवाय कसं उरकायचं. मैदानावर तो त्याचीच क्षमा मागायला आला होता.

म्हणजे ‘झालं असं की’च्या पुढे ते होतं.

मी म्हणालो, मग शिट्टीच्या आधी का आला? नियमाने...

रिम्मा सालं कागदात गुंडाळून उठली.

१७ मार्च, रविवार.
घरी. सहा केटलबेल भिंतीशी ओळीने. रिम्मा त्यांना वळसा घालून झाडते.

विचार केला तर चूक एकच झाली. कुठली ते सापडत नाही. सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचल्या. दोनदा.

३१ मार्च, रविवार. सकाळी १०.
ठरवलं. आज उस्तिन्याचा आईला फोन येतो, त्या वेळी बोलायचं. तीनच शब्द. बेटा, चुकलं माझं. त्यापेक्षा जास्त नको, पहिल्याच दिवशी. सकाळपासून आरशासमोर वीस वेळा म्हटलं. अठरा चांगले गेले.

१०.४०. फोन आला. रिम्मा अकरा मिनिटं बोलली. तिमोफेय आता कुबडीशिवाय चालतो. लुकाचे टाके निघाले, दुकान उघडलं. मग तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी डाव्या हाताने घेतला.

पलीकडे उस्तिन्याचा श्वास ऐकू येत होता. तिने फोन ठेवला नाही.

मी विचारलं, तिकडे थंडी आहे का?

ती म्हणाली, बाबा, आपण एकाच गावात राहतो.